पावडरीच्या झाडाची पैज

साखर कारखान्याच्या कॉलनीत राहणाऱ्यानं वासाबद्दल तक्रार करू नये, असं आमचे हे म्हणायचे. ते कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते आणि मळीचा वास त्यांना आमच्या लग्नाआधीपासूनच येईनासा झाला होता. मला यायचा. बॉयलर पेटला की वारा कुठूनही सुटो, मळी उशीत, पदरात आणि सकाळच्या पोह्यांत हजर. काही वर्षं मी उदबत्त्या जाळल्या. त्यानं एवढंच झालं की घराला मळीच्या उदबत्तीचा वास यायला लागला.

नव्वदनंतरच्या एका थंडीत आमच्या महिला मंडळाची सहल पाचगणीला गेली. तिथल्या नर्सरीत लॅव्हेंडरचं पान चुरगळून नाकाशी धरलं आणि मी जागची हललेच नाही. बाकीच्या बायका जॅमच्या बाटल्यांवर तुटून पडल्या होत्या. मी रोपं घेतली आणि थेट संगमनेरपर्यंत ती मांडीवर घेऊन एसटीत बसले. शेजारच्या काकूंनी वास घेतला आणि म्हणाल्या, "हे तर पावडरीचं झाड!" कॉलनीत तेच नाव पडलं.

नर्सरीवाल्यानं बजावलं होतं की जमीन हलकी पाहिजे, ऊन भरपूर आणि पाणी मोजकं. आमच्या क्वार्टरपुढच्या वाफ्यात काळीभोर माती. मी ती निम्मी उपसली आणि तिच्यात मुरूम आणि जुन्या भिंतीचा चुना मिसळायला लागले. सासूबाई पायरीवर बसून बघत होत्या. त्या नेवाशाकडच्या शेतकरी घरातल्या. त्यांचा जीव कळवळला.

"अगं, काळ्या आईच्या तोंडात मुरूम घालतीस? लोक मुरूम काढून माती टाकत्यात. तुझं सगळंच उरफाटं!"

"आत्याबाई, या झाडाला भारी जमीन सोसत नाही."

"सोसत न्हाई? मग ते झाड न्हवं, जावई हाय."

त्यांना त्या वाफ्यात मेथी आणि कोथिंबीर हवी होती. त्यांचं चूक होतं असंही नाही. पण घरात तांदळाच्या डब्यापासून देवाच्या निरांजनापर्यंत सगळं त्यांच्या मर्जीनं लागलेलं होतं. लग्न होऊन दहा वर्षं झाली तरी मीठ कुठल्या बरणीत ठेवायचं हे मला ठरवता आलं नव्हतं. हा हातभर वाफा तरी माझा असावा, असं मला फार वाटायचं. इतकं, की मी त्यासाठी भांडायलाही तयार होते, आणि मी भांडायला लागले की आमचे हे चप्पल घालून बाहेर पडतात.

चैत्र संपता संपता पहिले तुरे आले. जांभळे, बोटभर, वाऱ्यावर डुलणारे. सगळी कॉलनी बघून गेली. सासूबाईंनी नाकावर बोट ठेवून सांगितलं, "चार दिसाचं कवतिक. वैशाखात करपून जाईल."

"दिवाळीपर्यंत फुलेल," मी ठोकून दिलं. माझ्या तोंडाला तेव्हा लगाम नव्हता, आताही फारसा नाही.

"लाव पैज! लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ह्या वाफ्यात एक जरी फूल दिसलं, तर वाफा कायमचा तुझा. न्हाई दिसलं तर माझा. मग मी मेथी टाकीन न्हाई तर मका, तू तोंड उघडायचं न्हाई."

मी हो म्हटलं, आणि दुसऱ्या दिवसापासून फुलं चोरीला जायला लागली.

रात्री झोपताना उमललेला तुरा सकाळी गायब. देवासाठी कुंपणातून हात घालून फूल तोडणं ही आमच्याकडे चोरी धरतच नाहीत, उलट ज्याचं फूल त्यालाही पुण्य लागतं म्हणे. मला पुण्य नको होतं, वाफा हवा होता. माझा संशय शेजारच्या काकूंवर. त्या पहाटे परडी घेऊन निघायच्या आणि जास्वंदीचं झाड बोडकं केल्याशिवाय परतायच्या नाहीत. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. हळदीकुंकवाला त्या आल्या तेव्हा त्यांच्या ओटीत मी मुद्दाम सगळ्यात लहान नारळ घातला.

गंमत म्हणजे फुलं जात होती तशी नवी येतही होती. वैशाख गेला, पावसाळा लागला. आमच्याकडचा पाऊस मुळात कंजूष, त्यामुळे मुळं कुजायचीही भीती नव्हती. रोज चोरी आणि रोज नवे तुरे. मला वाटे, हा माझ्या मुरमाचा प्रताप.

श्रावणातल्या एका गुरुवारी कॉलनीतल्या दत्ताच्या देवळात आरतीला गेले. बघते तर पादुका जांभळ्या तुऱ्यांनी झाकून गेलेल्या. गाभाऱ्यात धूप होता, तरी वर माझ्या लॅव्हेंडरचा वास. पुजारी कौतुकानं म्हणाले, "तुमच्या सासूबाई रोज काकडआरतीला घेऊन येतात. लई भक्ती!"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. काकू बिचाऱ्या लहान नारळ घेऊन बसल्या होत्या आणि चोर माझ्या घरात माझ्याच हातचा चहा पीत होता. आज सोडायचं नाही, असं ठरवूनच मी देवळातून निघाले. पण वाटेत हसू यायला लागलं. पैज जिंकण्यासाठी फुलं तोडायची तर तोडून उकिरड्यावर टाकायची! पण तोडलेलं फूल वाया घालवणं या बाईच्या हातून होणार नव्हतं. गुडघे धरून धरून ती रोज पहाटे देवळापर्यंत जात होती. घरी येऊन मी त्यांच्यापुढे नेहमीसारखाच चहा ठेवला. काकूंना मात्र दुसऱ्या दिवशी मोठा नारळ नेऊन दिला. त्यांना कारण कळलं नाही, नारळ ठेवून घेतला.

गौरी बोळवल्या आणि सासूबाई लेकीच्या बाळंतपणाला नेवाशाला गेल्या. मी मनात गुढी उभारली. आता कोण तोडतंय! वाफा आठवडाभर असा फुलला की मी येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारून दाखवला. पण पितृपक्ष लागला आणि तुरे वाळून काथ्यासारखे झाले. नवी कळी म्हणाल तर औषधालाही नाही. मी रोज वाफ्याशी उकिडवी बसून शोधायचे. नवरात्र तोंडावर, दिवाळी दारात, आणि माझ्या वाफ्यात काड्या.

मग एकदा वाळका तुरा हातात कुस्करला, तर बी सांडलं, आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. झाडाला रोज कुणीतरी तोडत होतं म्हणून ते रोज नवं काढत होतं. मी फुलं जपली तशी ते बी धरून मोकळं झालं. सासूबाई मला हरवायला निघाल्या होत्या आणि चार महिने त्यांनीच माझी पैज राखली होती. मला इतकी चीड आली की विचारू नका. मी शिवणाची कात्री आणली आणि सगळे वाळके तुरे छाटून टाकले.

कोजागरीला कळ्या दिसल्या. वसुबारसेला सासूबाई परत आल्या तेव्हा वाफा पुन्हा जांभळा झालेला. हातातली पिशवी खाली न ठेवता त्यांनी आधी वाफा बघितला आणि तशाच आत गेल्या. आश्चर्य म्हणजे त्यानंतर एकाही तुऱ्याला हात लागला नाही. मला वाटलं, म्हातारीनं हार मानली. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी चकल्या तळताना मी चक्क गाणं म्हणत होते.

संध्याकाळी रांगोळीचा डबा घेऊन बाहेर आले, तर वाफ्यात एक फूल नाही. नुसती हिरवी पानं. मी डबा तिथंच ठेवला आणि भांडायला तरातरा आत गेले.

सासूबाई देवापुढे बसल्या होत्या. त्यांच्या देवघरात मोगरा, झेंडू आणि शेवंतीशिवाय काही चढलेलं मी दहा वर्षांत बघितलं नव्हतं. आज पाटावरच्या लक्ष्मीभोवती, कलशाभोवती, केरसुणीवरसुद्धा माझे तुरे होते. कारखान्याचा बॉयलर पेटून आठवडा झाला होता, पण त्या खोलीत मळीचा मागमूस नव्हता.

"बगून आलीस? हाय का एक तरी फूल वाफ्यात?" त्या वळून न बघता म्हणाल्या. "वाफा माझा झाला."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. रागाचं होतं का, ते मला तेव्हा कळलं नाही.

"मग मेथी कधी टाकायची?" मी कसंबसं विचारलं.

"मेथीला काय, बाजारात मिळती की. लक्ष्मीला हे कुठनं आनू?" त्यांनी शेवटचा तुरा माझ्या हातात दिला, "हा तू वाहा," म्हणाल्या, "आन् उद्यापासनं मी उजेडाचंच तोडनार. माझा वाफा हाय. अंधारात चोरासारखं जाऊन लई दिस पाय वले केले."

मला इतका आनंद झाला की हरल्याचं तोंड करायचं राहूनच गेलं.