पाणी कुणाचं

कपाटातलं कायद्याचं जुनं पुस्तक उघडलं आणि पानांतून हिरड्याचा तुरट वास आला. त्या वासासरशी मी आंबेगावच्या डोंगरातल्या आमच्या पत्र्याच्या घरापुढे जाऊन पोचले.

नव्वदच्या दशकातला उन्हाळा होता. आमची भातखाचरं धरणाखाली जाऊन दोन पावसाळे झाले होते. आबा, म्हणजे माझे वडील, गोणपाटावर हिरडा वाळत घालत होते. शेजारी बसून मी कायद्याच्या परीक्षेसाठी मोठ्यानं वाचत होते. समुद्र कुणाच्याच मालकीचा नसतो, असं चारशे वर्षांपूर्वी एका डच पंडितानं लिहिलं. पुढे पुस्तकांच्या पेटीत लपून तो तुरुंगातून निसटला आणि देशादेशांतल्या कायद्याचा पाया घालून गेला.

आबांचा हात थांबला. "समिंदर कुणाचाच न्हाई? मग आपल्या वावरावरचं पाणी सरकारचं कसं गं? ह्ये आपल्या भरपाईच्या अर्जात लिव की."

मला हसू आलं. "आबा, ते राजांच्या भांडणासाठी आहे. आपल्यासाठी नाही."

"मग आपल्यासाठी कुणी लिवलंय?"

मी पान उलटलं. अर्जात ते वाक्य घातलं नाही. अर्जाचं उत्तर आलं नाही, आबाही गेले. त्या हसण्याची आज मला शिसारी येते.

वीस वर्षं मी कायद्याच्या कॉलेजात तोच डच पंडित शिकवते आहे. ते वाक्य आलं की जरा थांबते, कुणीतरी आबांसारखं विचारील म्हणून. पोरं माना खाली घालून उतरवून घेतात. आणि कुणी विचारलंच, तर मला पुन्हा पानच उलटावं लागेल.