दुसऱ्या ट्रस्टीची सही

"मी खोटं काऊन लिहून देऊ, मॅडम?" सुजाताबाईंनी पेन माझ्या टेबलावर ठेवून दिलं. "हे रोज संध्याकाळी घरी येतेत."

त्यांचे यजमान विजयभाऊ मोहफुलं वेचायला जंगलात गेले ते परतलेच नाहीत. सायकल सापडली, रक्ताने भरलेला खांद्यावरचा दुपट्टा सापडला, माणूस नाही. वाघाने नेलं, असं त्यांचं सगळं सिंदेवाही गाव मानत होतं.

या जोडप्याचा ट्रस्ट वकील म्हणून मीच करून दिला होता. ट्रस्ट म्हणजे मालमत्ता कुणाच्या तरी भल्यासाठी वेगळी काढायची आणि सांभाळायला माणसं नेमायची. ती माणसं म्हणजे ट्रस्टी. यांनी घर आणि प्लॉट एकुलत्या एका मुलीसाठी, प्राचीसाठी ठेवला. ट्रस्टी दोघंच. व्यवहाराला दोघांच्या सह्या; एक वारला तर दुसऱ्याची पुरे. आता प्राचीच्या मणक्याचं ऑपरेशन करायचं होतं. उशीर झाला तर पोरगी कधी उभी राहणार नाही, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. त्यासाठी प्लॉट विकायचा, आणि दुसरी सही करणारा माणूस बेपत्ता.

प्रेत नसलं की मृत्यूचा दाखला सहजी मिळत नाही. कोर्टात जायला बायकोचं अ‍ॅफिडेव्हिट, म्हणजे शपथपत्र हवं होतं, की नवरा वारला. ते त्या देईनात. मला राग आला. पोरीचे पाय जायची वेळ आली आणि या बाई भुताच्या गोष्टी सांगतात.

समजूत घालायला मी सिंदेवाहीला गेले. दिवेलागणीला चहा पीत होतो. ओट्यावर कुणीतरी खाकरलं. दारातलं कुत्रं शेपूट हलवत बाहेर गेलं.

"बाबा आले," प्राची खाटेवरून सहज म्हणाली.

मी उठून पाहिलं. ओटा रिकामा. कुत्रं मात्र डोळे मिटून उभं होतं, कुणी मान खाजवून देत असावं तसं. मी आत येऊन बसले. दाराकडे पाठ होणार नाही अशी.

"शेजारचं कोणी असेल," मी म्हणाले.

"असंन," सुजाताबाई म्हणाल्या.

थोड्या वेळाने मी विचारलं, "आल्यावर सही करतात का ते?"

"नाई. सही नाई करत."

"एवढं लिहून द्याल?"

"हे खरं आहे. हे देतो लिहून," त्या म्हणाल्या.

वाट कायद्यातच होती, मला घाबरल्यावर आठवली. ट्रस्टी काम करायला असमर्थ असेल तर कोर्ट त्याच्या जागी दुसरा नेमू शकतं. तो मेला असं म्हणावं लागत नाही. आम्ही सुजाताबाईंच्या भावाचं नाव दिलं.

न्यायाधीशांनी विचारलं, "नवरा हयात आहे का?"

"ते मले नाई मालूम, साहेब. सही करत नाई, एवढं मालूम आहे."

ऑर्डर झाली, प्लॉट विकला, ऑपरेशन वेळेत झालं. प्राची आता काठी घेऊन चालते.

तेव्हापासून नवरा-बायकोच्या ट्रस्टमध्ये 'मृत्यू झाल्यास'च्या पुढे मी 'किंवा बेपत्ता झाल्यास' लिहिते. आमच्या जंगलाच्या मुलखात ते लागतं. सुजाताबाईंच्या अर्जात त्यांच्या हट्टापायी आणखी एक ओळ होती: विजयभाऊ परत आले, तर पुन्हा ट्रस्टी होतील. कोर्टाने तीही मान्य केली. ती वापरायला अजून कुणी आलेलं नाही. निदान कोर्टाच्या वेळेत तरी नाही.