आधी प्रार्थना, मग पाणी

महाराजांच्या राज्यात प्लेगची साथ आली, तेव्हा कोल्हापूरबाहेरच्या झोपड्यांत रोग्यांची सेवा करायला मी आपण होऊन गेले. मिशनमधल्या बाकीच्या बायका घाबरल्या, मी घाबरले नाही, याचा मला गर्व होता. आमची शिस्त अशी की आधी प्रार्थना, मग औषधपाणी. एका पिंजाऱ्याच्या झोपडीत सासू आणि सून दोघी तापाने पडल्या होत्या. सून पाणी मागत होती. मी पाण्याचा तांब्या तिच्याजवळ ठेवला, डोळे मिटले आणि नेहमीसारखी सावकाश प्रार्थना सुरू केली.

“अवो बाई, तिला आधी पानी पाजा की!” सासू पडल्या जागेवरून ओरडली. “तुमचा द्येव काय पळून चाललाय व्हय?”

डोळे उघडले, तर सून तांब्या चाचपत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिचं डोकं उचलून मी पाणी पाजलं. तिने तांब्या संपवला.

सासू निवळली. “हां, आता म्हणा तुमची प्रार्थना. आमी कुठं जातोय?”

तिचेही ओठ सुकलेले मला तेव्हा दिसले. रिकामा तांब्या उचलून मी पाणी आणायला गेले.