तापणारी अँबॅसडर आणि तीन माणसांची कमिटी

राजूरच्या पुढच्या चढावर चेअरमनसाहेबांची अँबॅसडर वाफा सोडत उभी आहे, असा ट्रंककॉल आला तेव्हा मी एका ट्रकखाली पाठीवर आडवा होतो. टाइमकीपर गॅरेजच्या दारातूनच ओरडला, "रोकडे मिस्त्री, निघा लवकर! गाडीत मुंबईचे सेक्रेटरी हायेत!"

सेक्रेटरी होते, म्हणजे तो नुसता बिघाड राहिला नव्हता. गुन्हा झाला होता.

बाहत्तर सालचा उन्हाळा होता. प्रवरेकाठच्या एका साखर कारखान्यात मी गॅरेज फोरमन होतो. ट्रक, ट्रॅक्टर, दोन जीप आणि एक पांढरी अँबॅसडर माझ्या ताब्यात. उसाचा ट्रक दोन दिवस रस्त्यात पडून राहिला तरी मला कुणी फोन करत नसे. अँबॅसडर नुसती शिंकली तरी चार माणसं धावत यायची. त्या दिवशी चेअरमनसाहेब पाटबंधारे खात्याच्या सेक्रेटरींना भंडारदरा धरण दाखवायला निघाले होते. पाऊस नव्हता, पाटाला जास्त पाणी मिळावं म्हणून गोड बोलायचं होतं. पाणी मागायला निघालेली गाडी पाण्यावाचून अडली.

जीप घेऊन मी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. साहेब आणि सेक्रेटरी पाटबंधारे खात्याच्या जीपमध्ये मागच्या फळीवर बसून पुढं गेले होते. ड्रायव्हर इस्माईलभाई एकटाच बाभळीखाली बसला होता. हा सोनईचा माणूस, कारखान्यात बारा वर्षं गाडी चालवत होता. गाडी रोज पुसायचा, रोज पाणी बघायचा.

"मिस्त्री, आल्लाची शप्पत, सकाळी रेडिएटर गळ्यापातूर भरला हुता," तो म्हणाला. "साहेब म्हनले, झाकन उघड, पानी वत. मी म्हनलो, आत्ता न्हाई उघडनार, भाजंल. तर सेक्रेटरीसायबांम्होरं मला म्हनले, लई शहाना झाला का तू?"

इस्माईलभाईचं बरोबर होतं. रेडिएटर म्हणजे इंजिनाचं पाणी थंड करणारी जाळी. पाणी इंजिनात फिरून तापतं, जाळीत येतं, समोरून येणाऱ्या वाऱ्यानं थंड होतं आणि परत इंजिनात जातं. गाडी तापलेली असताना झाकण उघडलं तर उकळतं पाणी कारंज्यासारखं तोंडावर येतं. असे भाजलेले दोन-तीन हुशार लोक मी पाहिले आहेत. इंजिन थंड होईपर्यंत थांबायचं, मग जाड फडकं धरून झाकण हळूच सैल करायचं, एवढंच शास्त्र.

इंजिन आता थंड होतं. मी क्रमानं बघायला लागलो. रबरी पाइप कुठं गळत नव्हते. पंखा फिरवणारा पट्टा घट्ट होता. ऑईल मोजायची दांडी काढली. ऑईल पुरेसं होतं आणि दुधाळ झालेलं नव्हतं. दुधाळ ऑईल म्हणजे पाणी आत मिसळलं, इंजिन खोलावं लागणार. ते संकट टळलं होतं. रेडिएटरमध्ये पाणी ओतलं, इंजिन सुरू केलं. पंखा फिरत होता. पाणीही फिरत होतं. मग गाडी तापली कशानं?

मी वर्तमानपत्राची एक पट्टी फाडली आणि बॉनेटच्या आतून रेडिएटरच्या पुढ्यात सोडली. पंख्याच्या ओढीनं कागद जाळीला चटकन चिकटायला पाहिजे. तो नुसता लोंबला. जरा थरथरला आणि खाली गेला.

मी वाकून गाडीच्या समोर आलो.

समोर बोर्ड होता. अडीच फूट रुंद, सव्वा फूट उंच, जाड पत्र्याचा. वर पितळी अक्षरांत 'चेअरमन', खाली साहेबांचं पूर्ण नाव, त्याखाली कारखान्याचं नाव, दोन्ही बाजूंना उसाची दोन-दोन कांडी. आठवड्यापूर्वी कारखान्यातच तयार झाला होता. हवा आत यायची जी लोखंडी जाळी, बरोबर तिच्यावर चार बोल्टांनी बसवलेला. आणि बसवला होता मीच. स्पिरिट लेव्हल लावून, एक सूतही तिरका नाही. बसवताना हवेचा विचार माझ्या मनात आला नव्हता. अक्षरं सरळ दिसताहेत ना, एवढंच मी पाहिलं होतं.

चार बोल्ट काढले. कागदाची पट्टी परत सोडली. फट्‌कन जाळीला चिकटली.

बोर्ड जीपमध्ये टाकून आम्ही परत निघालो. वाटेत घाट लागला, चढ लागले, ऊन होतं. टेंपरेचरचा काटा अर्ध्यावर बसून राहिला. इस्माईलभाई हसत होता. "म्हंजे मी सुटलो म्हना की!"

मीही तसंच समजलो होतो.

गेटवर चीफ इंजिनियर उभे. पुण्याचे, डिग्रीवाले, इंजिनाबद्दल माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त शिकलेले. त्यांनी गाडीच्या तोंडाकडे पाहिलं.

"बोर्ड कुठाय?"

"काढला साहेब. हवा अडत होती. त्यानंच गाडी तापली."

त्यांनी इकडं तिकडं पाहिलं. आवाज खाली आणला. "रोकडे, मला समजतं ते. पण हे वर जाऊन सांगणार कोण? तुम्ही? साहेब संध्याकाळी परत येतायत. आधी बोर्ड बसवा."

मी बसवला. हातून नकळत झालेली चूक एकदा माफ करता येते. त्या दिवशी मी ती जाणूनबुजून दुसऱ्यांदा केली.

दुसऱ्या दिवशी दोन ऑर्डरी निघाल्या. पहिली, इस्माईलभाई सस्पेंड. आरोप दोन: गाडीत पाणी न घालणे आणि वरिष्ठांनी सांगूनही झाकण न उघडणे. दुसरी, बिघाडाच्या चौकशीसाठी तीन माणसांची कमिटी. चीफ इंजिनियर, परचेस ऑफिसर आणि एक संचालक. या संचालकांना गाडीतलं फक्त हॉर्नचं बटण माहीत होतं, पण मतं भरपूर होती.

कमिटीची पहिली बैठक बोर्डापासून चार फुटांवर, गॅरेजमध्ये खुर्च्या टाकून झाली. तिघंही बोर्डाकडे तोंड करून बसले होते.

"थर्मोस्टॅट गेला असेल," चीफ इंजिनियर म्हणाले.

थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेतलं एक छोटं दार. इंजिन गार असलं की बंद, तापलं की उघडतं. बंद राहून अडकलं तर गाडी तापते, हे खरं. मी जुना थर्मोस्टॅट काढला, किटलीत पाणी तापवून त्यात टाकला. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तो नीट उघडला.

"हा चांगला आहे," मी म्हणालो.

"जुना हाय न्हवं?" संचालक म्हणाले. "मंग बदला."

बदलला. गाडी नगरच्या रस्त्यावर नेली. तापली.

दुसऱ्या बैठकीत परचेस ऑफिसरांनी वॉटर पंप सुचवला. तो नगरच्या ज्या दुकानातून आला, ते दुकान त्यांच्या मेव्हण्याचं. गाडी तापली. तिसऱ्या बैठकीत सगळे रबरी पाइप. त्याच दुकानातून. तापली. चौथ्या बैठकीत अख्खा नवा रेडिएटर. मेव्हणा स्वतः टेम्पोतून घेऊन आला, बरोबर पेढे आणले. कमिटीनं पेढे खाल्ले. गाडी तापली.

प्रत्येक वेळी रेडिएटरपर्यंत पोचायला आधी बोर्ड काढावा लागे आणि काम झालं की पहिल्यांदा तोच परत बसवावा लागे. चीफ इंजिनियर जातीनं उभे राहून सांगत, "जरा डावीकडे. हं, आता सरळ."

एका रविवारी मी सोनईला इस्माईलभाईच्या घरी गेलो. तो दारातच शेजाऱ्याची सायकल दुरुस्त करत होता. बायकोनं चहा दिला. तो म्हणाला, "गावात इचारतात, पानी न घालता गाडी चालवली व्हय रं? बारा वर्सं चालवली मी, मिस्त्री. तुमाला ठाव हाय कशानं तापली. सांगा की एकदा."

"सांगतो," मी म्हणालो.

"मागल्या रविवारीबी तेच म्हनला हुता."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. परतीच्या एस.टी.त मी ठरवलं, आता नोकरी गेली तरी चालेल. अर्थात नोकरी जाऊ नये असंही वाटत होतं, म्हणून एक युक्ती योजली.

शेवटची सुनावणी चेअरमनसाहेबांसमोर होती. इस्माईलभाईला काढून टाकायचं की नाही ते ठरणार होतं. कमिटीचा रिपोर्ट नऊ पानी. निष्कर्ष असा, की ड्रायव्हरच्या हलगर्जीपणामुळे इंजिनाला तापायची 'सवय' लागली आहे. इंजिनाला सवय लागते, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मी हात जोडून उभा राहिलो. "साहेब, एक विनंती. फायनल ट्रायल तुम्ही स्वतः बसून घ्यावी. बोर्डाची पितळी अक्षरं काळवंडलीत, तेवढी पॉलिशला काढतो आणि निघू."

चेअरमनसाहेब चौथी शिकलेले, पण माणसं वाचायला पक्के. त्यांनी माझ्याकडं टक लावून पाहिलं.

"बोर्ड कालच चिंचेनं घासलाय. माझ्यासमूर. खरं काय ते सांगा, मिस्त्री."

युक्ती संपली.

"साहेब, बोर्ड रेडिएटरची हवा अडवतोय. त्यानं गाडी तापते. बोर्ड मी बसवला, चूक माझी. इस्माईलभाईची नाही."

खोलीत सगळे छताकडं बघायला लागले. परचेस ऑफिसर कागद चाळायला लागले.

"म्हंजे," साहेब सावकाश म्हणाले, "माझ्या नावानं गाडी तापती म्हनता?"

"नावानं नाही साहेब. पत्र्यानं."

मग साहेब उठले. "चला. काढा त्यो. बघू."

भर दुपारी, बोर्डाशिवाय, नगरच्या रस्त्यानं आम्ही गेलो आणि आलो. गाडी चालवायला साहेबांनी इस्माईलभाईलाच बसवलं. सगळा वेळ साहेब रस्त्याकडं न बघता काट्याकडं बघत होते. काटा अर्ध्यावर. मग बोर्ड लावून तीच फेरी. निम्म्या वाटेत काटा लाल रेघेला भिडला, बॉनेटमधून वास यायला लागला.

"थांबव," साहेब म्हणाले. खाली उतरले, समोर जाऊन स्वतःचं नाव वाचलं. कमिटी मागच्या जीपमधून आली. साहेबांनी विचारलं, "चार बैठका झाल्या. तिघांपैकी एकालाबी हे दिसलं न्हाई?"

"माझा पहिल्यापासून तोच अंदाज होता, साहेब," चीफ इंजिनियर म्हणाले.

"माझापन," संचालक म्हणाले. "फक्त खात्री करून घेत हुतो."

परचेस ऑफिसर म्हणाले, "मागच्या बाजूला बसवला तर जास्त शोभंल, असं मी मेव्हण्याला म्हनलोबी हुतो."

निकाल लागला तो असा. इस्माईलभाई दुसऱ्या दिवशी कामावर आला. झाकण न उघडल्याबद्दल त्याला लेखी ताकीद मिळाली, कारण आरोपपत्र एकदा निघालं की काहीतरी द्यावंच लागतं. मला हवेचा विचार न करता बोर्ड बसवल्याबद्दल मेमो. तो मात्र रास्त होता, मी गुपचूप सही केली. चिकाटीनं मूळ कारणापर्यंत पोचल्याबद्दल संचालक मंडळानं कमिटीच्या अभिनंदनाचा ठराव केला. बोर्ड डिकीवर गेला. तिथून तो मागून येणाऱ्या बैलगाड्यांना वाचता येई. काढलेला पंप, पाइप, रेडिएटर, थर्मोस्टॅट सगळे धडधाकट होते. मी ते फडक्यात गुंडाळून ठेवले आणि मेव्हण्याचे नवे पार्ट एकेक करून गळायला लागले, तसे परत गाडीत घातले. याची नोंद कुठंच नाही.

पुढं मी नोकरी सोडून स्वतःचं गॅरेज टाकलं. गाडी तापते म्हणून कुणी आलं की मी आधी इंजिन थंड होऊ देतो, मग पाणी, पट्टा, पाइप, ऑईल बघतो. पार्ट बदलणं सगळ्यात शेवटी. पण त्याच्याही आधी मालकाला एक प्रश्न विचारतो: गेल्या पंधरा दिवसांत गाडीला नवीन काय बसवलंत? पार्ट झिजायला वर्षं लागतात. हौस एका दुपारात बसवून होते.