राशीवरचा पंजा

“पाच! पाच बोटं हायेत, पाह्य ना माय, पाच!” माझा धाकटा साळा फागू खळ्यात उभा राहून असा ओरडत होता की नागरा गावच्या देवळातला नंदीही दचकून उठला असेल. आम्ही सगळे हातातलं टाकून धावलो. धानाच्या राशीवर राखेत एक पंजा उमटला होता, आणि त्याला पाच बोटं होती.

पंज्याला पाच बोटं असणारच, त्यात बोंब मारण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. पण तुम्ही माझी सासू पाहिलेली नाही. सारं गाव तिला मोठी माय म्हणायचं, मग मीही तेच म्हणू लागलो. मळणी झाल्यावर धान घरात जाईपर्यंत ती रोज संध्याकाळी राशीवर राख भुरभुरायची आणि तिच्यावर उजवा पंजा दाबायची. कोणी धानाला हात घातला की छाप मोडलाच. आमच्या भागात हे घरोघरी करतात. पण मोठ्या मायच्या उजव्या हाताची करंगळी लहानपणीच धान कांडताना ढेकीखाली गेली होती, त्यामुळे तिचा छाप चार बोटांचा. सरकारी मोहोर एक वेळ कोणी नकली करील, हा छाप नाही.

ती मोठी माय गेल्या महिन्यात गेली... नव्वदीची होती असं मुलं सांगतात. तिचा स्वतःचा त्या आकड्यावर विश्वास नव्हता, कारण मोजणारा कोण होता ते तिला ठाऊक नव्हतं. संशयावरच ती एवढी जगली, असं माझं मत आहे. इंग्रज गेला म्हणून गावात गूळ वाटला, तेव्हा हिने तो आधी शेजारणीला खायला लावला, ती पडत नाही हे पाहिलं आणि मग विचारलं, “गेला तं गेला, पण जाताना काय काय घेऊन गेला, कोणी पायलं का?” गोंदियाचा डॉक्टर छाती तपासायला आला, तर हिने त्याची नळी काढून घेतली आणि आधी त्याचीच छाती ऐकली. मला मुलगी दिली तीसुद्धा माझे दात पाहून. बैल घेताना पाहतात, तसे.

तर इंग्रज गेल्यानंतरच्या हिवाळ्यात मी सासरी पाहुणा होतो, आणि राशीवर हा परका पंजा निघाला. मोठी माय आली, तिने छाप पाहिला आणि... गप्प राहिली. त्या बाईला मी गप्प पाहिलं ते आयुष्यात तेवढंच. मला तिथेच खटकलं. मग मात्र ती अशी कडाडली की झाडावरचे बगळे तिरोड्याच्या पलीकडे जाऊन बसले. “काडी आणा!” छापातल्या मधल्या बोटाएवढी तणसाची काडी तिने मोडली आणि एकेकाचा हात धरून मापायला लागली. गडी झाले, फागू झाला, माझी बायको झाली, मग माझा हात ओढला.

“माय, जवाई हायेत ते!” माझी बायको कळवळली.

“मंग? जवायाले बोटं नसतात का?”

मी सुटलो. काडी बरोबर बसली ती धाकट्या सुनेच्या, रेवताच्या बोटाला. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. त्यात आदल्याच दिवशी तिचा भाऊ तिरोड्याहून बैलगाडी घेऊन येऊन गेलेला. गाडी रिकामी गेली हे सगळ्यांनी पाहिलं होतं, पण आता कोणाला तसं आठवेना. तिचा नवराच, हा फागू, म्हणाला, “गाडी जुंपतो. तिरोड्याले सोडून येतो हिले.” चोर म्हणून माहेरी सोडलेली सून परत येत नाही, हे खळ्यातल्या बैलांनाही माहीत होतं.

“मी नाई नेलं,” एवढंच रेवता म्हणाली. कोणी ऐकलं नाही. मग ती राशीपुढे उकिडवी बसली. छापावर तिने आपला उजवा हात न टेकवता वरच्यावर धरून पाहिला. मग डावा धरला. मी तिच्या मागेच उभा होतो. आम्ही सारे बोटं मोजत बसलो होतो, अंगठा कोणत्या बाजूला आहे हे कोणी पाहिलंच नव्हतं. छाप डाव्या हाताचा होता. रेवताने मान वर करून मोठ्या मायकडे पाहिलं. मीही पाहिलं. म्हातारीचा डावा हात सकाळपासून पदराखाली होता. पदर जरा सरकला तेव्हा नखांत राख दिसली. उजव्या हातात धानाची टोपली असली की पुन्हा छाप उमटवताना घाईत माणूस डावाच हात टेकणार... हा माझा संशय. देवापुढे शपथ घ्यायला मी तयार नाही.

रेवता उठली, घरातून आपलं गाठोडं आणलं आणि गाडीकडे चालू लागली. फागूने बैल जुंपले होते.

“बैल सोड, फाग्या,” मोठी माय म्हणाली.

“काऊन?”

“उंदरानं नेलं.”

“उंदराले पाच बोटं राहतात का, माय?”

“तुनं मोजले का कधी?”

फागूने कधीच मोजले नव्हते. त्याने बैल सोडले.

मोठ्या मायचा थोरला मुलगा तुळशीराम धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणातून वेगळा निघाला होता. त्या साली त्याचं धान रोगाने बसलं, आणि पोरं पेज पिऊन दिवस काढत होती. ‘माह्या राशीतला दाणा त्याच्या चुलीवर चढणार नाई,’ असं मोठी माय चारचौघांत बोलून बसली होती. त्याच दिवशी दुपारी माझी बायको या थोरल्या भावाकडे जाऊन आली. म्हणाली, पोरं गरम भात खाऊन राहिली. मी विचारलं, कुठून आला? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विचारलं नाही. शेवटी मुलगी कोणाची!

त्या संध्याकाळपासून राखेचं सूप रेवताच्या हाती आलं. पुढे कोठीची किल्लीही तिच्याकडे गेली. अखेरच्या दिवसांत मोठी माय पाणी प्यायची ते फक्त रेवताच्या हातचं, आणि रेवता नजरेआड झाली की हाका मारायची. हा विश्वास होता की पाळत, ते मला इतक्या वर्षांत उलगडलं नाही.

तेरवी झाल्यावर मी धीर केला. रेवता अंगणात लाखोरीची डाळ पाखडत होती. म्हटलं, “रेवताबाई, तुम्ही त्या दिवशी सारं पाहिलं होतं. गाडीत बसायची वेळ आली, तरी तोंड कसं उघडलं नाही?”

तिने डाळीतला खडा वेचून बाजूला टाकला.

“मले याच घरी राहाचं होतं, जी.”