गेरू-चुन्यातली घरटी

लष्करी हद्दीत झाड कुठलं आणि खांब कुठला, हे पहिल्या आठवड्यात मला लांबून कळायचं नाही. दोघांनाही कमरेपर्यंत गेरू आणि वर चुन्याचा पट्टा. मोठे साहेब पाहणीला येणार असले की दगडसुद्धा रंगून रांगेत बसायचे. अशा ठिकाणी मी वन्यजीव शास्त्रज्ञ म्हणून नोकरीला लागले. आई नातेवाइकांना सांगायची, "मिलिटरीत आहे." तिथं काय करते असं कुणी विचारलं, की ती चहा टाकायला उठायची. पाखरं बघण्याचा पगार मिळतो, हे तिला चारचौघांत सांगवत नसे.

गोळीबाराच्या मैदानाभोवतीचा माळ, तिथलं गवत, झाडं, जनावरं यांची काळजी घ्यायची आणि त्यावर कागद लिहायचे, हे माझं काम. शहर पडेगावच्याही पुढं प्लॉट पाडत सुटलं असताना हा माळ मात्र शाबूत राहिला, तो निव्वळ गोळ्यांच्या भीतीनं. माझ्या अहवालांचा त्यात काडीचाही वाटा नव्हता.

एका उन्हाळ्यात मला तिथं धाविक पक्ष्याची तीन घरटी सापडली. धाविक म्हणजे तांबूस, लांब पायांचा, तुरुतुरु पळून मध्येच थबकणारा पक्षी. घरटं म्हणायचं ते आपलं म्हणायला. उघड्या जमिनीवर ठिपक्यांची दोन-तीन अंडी घालायची आणि ती खड्यांत खपून जातील असा भरवसा ठेवायचा. मी चार वर्षं त्यांची वाट बघत होते. इतका आनंद झाला, की माळावर एकटीच नाचले. मनोऱ्यावरच्या जवानानं ते वायरलेसवर कळवलं, ही गोष्ट वेगळी.

पण साहेबांची पाहणी आठवड्यावर आली होती आणि त्याआधी गवतकापणी ठरलेली. जवानांची फौज विळे घेऊन उतरल्यावर अंड्यांचं काय होणार, ते उघड होतं. मैदानाची व्यवस्था एका सुभेदारांकडं होती. कन्नड तालुक्यातले, शेतकरी घरातले, मोजकं बोलणारे. त्यांना गाठून मी घरटी वाचवा म्हणाले.

"लिहून द्या मॅडम. तोंडी बोलण्याला इथं किंमत नाय."

मी नकाशा काढला, तीन लाल फुल्या मारल्या, खाली लिहिलं, 'संरक्षण करावे', आणि तीन प्रतींत दिला. त्याच संध्याकाळी ओढ्यापलीकडं चौथं घरटं सापडलं. पुन्हा अर्ज, पुन्हा तीन प्रती. मी कंटाळा केला आणि ते कळवलंच नाही.

तिसऱ्या दिवशी माळावर गेले आणि जागीच थबकले. प्रत्येक घरट्याभोवती दगडांचं गोल रिंगण, एक दगड गेरूचा, एक चुन्याचा. तिथवर जायला चुन्याच्या दोन रेघा. शेजारी पाटी: 'सावधान, अंडे हैं।' पाटीवर कावळा बसलेला.

"कसं झालंय?" सुभेदारांचा चेहरा फुलला होता. "पोरं सकाळधरनं उन्हात बसून रंगवत व्हती. आता एकाचाबी पाय पडायचा नाय."

पहिलं रिंगण रिकामं होतं. दुसरंही. तिसऱ्यात कवचाचा तुकडा.

माझं डोकंच फिरलं. सगळ्या जवानांसमोर मी ओरडले, "तुम्ही कावळ्यांना पानं मांडून दिलीत! बोलावून जेवायला वाढलंत!" सुभेदार माझ्या बापाच्या वयाचे. ते ताठ उभे राहिले आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "उद्या वढ्यापल्याडचं गवत कापायचंय. तिकडं अजून एखादं हाय का?"

मी त्यांच्या हाताकडं बघितलं. बोटांवर गेरू होता.

"नाही," मी म्हणाले.

घरी आल्यावर डोकं शांत झालं आणि लाज वाटली. अंडी कुठं आहेत ते मी सांगितलं होतं. ती कुणाला दिसायला नकोत, हे एक वाक्य लिहायचं मला सुचलं नव्हतं. 'संरक्षण करावे' वाचून त्यांनी त्यांना येत होतं तसं संरक्षण केलं. चूक माझी, शिव्या त्यांना, आणि वर हे खोटं. आता विळे चौथ्या घरट्यावरून फिरणार होते, तेही माझ्याच शब्दावर.

सकाळी सगळं कबूल करायचं ठरवून मी स्कूटर दामटली, पण कापणी उरकली होती. ओढ्यापलीकडचा माळ हजामत केल्यासारखा सपाट झाला होता. धावत गेले तर मधोमध विरळ गवताचा एक वेडावाकडा तुकडा तसाच होता, कापायचा राहून गेल्यासारखा. दगड नाही, पाटी नाही. त्यात मादी अंड्यांवर बसली होती.

सुभेदार लांब बाभळीखाली पाणी पीत होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुमच्या बुटाचे ठसे वढ्यापल्याड जात्यात, एका जागी थांबत्यात अन् माघारी येत्यात. परवाच दिसले."

"मग काल मला विचारलंत कशाला?"

त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. "तुम्ही मला सांगताव का, ते बघत व्हतो."