टाकी मोठी नको, उंच हवी

गोडादऱ्यातल्या एका इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर प्रमिलाबाई राहायच्या. मूळच्या पारोळ्याच्या. पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये बावीस वर्षं रंगाच्या टाक्या सांभाळून नुकत्याच घरी बसलेल्या. खालच्या मजल्यांवर नळ धो धो वाहायचे, यांचा शॉवर मात्र थेंब थेंब गळायचा. कारण गच्चीवरची टाकी थेट स्लॅबवर टेकलेली, शॉवरपासून जेमतेम दोन-तीन हात वर.

सोसायटीचे प्रमुख काशिनाथभाई यांनी मीटिंगमध्ये सांगून टाकलं, की तेवढ्याच उंचीची पण दुप्पट घेराची टाकी बसवू, म्हणजे प्रेशर वाढेल. सगळ्यांनी सह्या केल्या. प्रमिलाबाईंनी कागद तसाच पुढे सरकवला. आहे तीच टाकी उंचावर चढवा, म्हणाल्या.

"मावशी, तुम्ही मिलमध्ये टाक्या धुतल्यात. हे प्लंबरचं काम आहे," काशिनाथभाई म्हणाले. दोघं-तिघं हसले.

"धुतल्यात, म्हणूनच सांगतेय. पाणी भांड्याचं पोट बघत नाही, उंची बघतं."

रविवारी सकाळी त्यांनी पार्किंगमध्ये बाक मांडला. त्यावर एक रुंद पिंप आणि शेजारी तळ बंद केलेला, पुरुषभर उंचीचा बारीक पाइप उभा बांधला. दोन्हींना तळाशी सारख्याच उंचीवर तापल्या खिळ्यानं सारखंच भोक पाडलं. सून हर्षदा दोन्हींत पाणी ओतत राहिली, पातळी सारखी ठेवत. पिंपाची धार आणि पाइपाची धार एकाच फरशीवर पडली. माणसं वाकून बघू लागली. मग प्रमिलाबाईंनी पाइप काठोकाठ भरायला लावला. आत पाणी दोन-तीन तांबेच, पण त्याची धार पिंपाच्या धारेला मागे टाकून थेट काशिनाथभाईंच्या चपलांवर गेली.

हा पोरखेळ आहे, असं ते पुटपुटले. पण प्लंबर भटू तिथंच उभा होता. त्यानं मान खाली घालून कबूल केलं, की मावशींचं बरोबर आहे.

पंधरा दिवसांत जुनीच टाकी आठ फुटी लोखंडी स्टँडवर चढली. हर्षदा शॉवरखाली उभी राहिली आणि आतूनच हसू लागली.

पुढच्या मीटिंगला काशिनाथभाई म्हणाले, की भटूनं आणि मी डोकं लावलं म्हणून पाणी आलं. प्रमिलाबाई उठून उभ्या राहिल्या.

"डोकं माझं होतं," त्या म्हणाल्या, आणि काशिनाथभाईंनी सगळ्यांसमोर हो म्हणेपर्यंत त्या खाली बसल्या नाहीत.